गजबजलेला रस्ता सोडणारा यात्रेकरू : संत इग्नेशियस लोयोला



पावसाळा सरत आला की आपल्याकडे पायी यात्रेच्या गोष्टी निघू लागतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा होते, पाठोपाठ ऑक्टोबरचा जपमाळेचा महिना येतो आणि पायांना चालण्याची ओढ लागते. यंदा आम्हा काही जणांच्या मनात जरा मोठा बेत आला. ज्यांना जमेल त्यांनी पैसे साठवावेत आणि एखाद्या वर्षी शरद ऋतूत युरोपातल्या एका जुन्या यात्रामार्गावर चालून यावे. बेत ठरला, पण मार्ग ठरेना.

पहिले नाव निघाले ते अर्थातच स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाचे, प्रेषित संत याकोबाच्या कबरीचे. तेथे जावे असे कुणाला वाटणार नाही? पण 2024 या एका वर्षात जवळजवळ 5 लाख यात्रेकरूंची तेथे नोंद झाली. सप्टेंबर महिनाही तेथे गर्दीचाच असतो. रात्री खाट मिळावी म्हणून पुष्कळ जण पहाटेच्या अंधारात चालायला लागतात. आमच्यातील काहींना ही गर्दी हवीशी वाटली; सोबत मिळते, धीर येतो. काहींना शांत वाट हवी होती. कुणाला शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे अप्रूप होते, तर कुणाला त्याचीच भीती वाटत होती. बोलणे वाढत गेले तसे ते रस्त्यावरून सरकत आपण चालणार कशासाठी, या प्रश्नावर येऊन थांबले.

पाचशे वर्षांपूर्वी लंगडत चालणाऱ्या एका यात्रेकरूपुढे हाच प्रश्न उभा होता. ते यात्रेकरू म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला. त्यांचा सण आपण दरवर्षी 31 जुलैला साजरा करतो, पण त्यांची रस्त्यावरची ओळख आपल्याला फारशी नसते. म्हणून त्यांची जीवनकथा येथे थोडक्यात सांगत आहोत.

1491 साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, आस्पेइतिया गावाजवळच्या लोयोला वाड्यात त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्यात त्यांचे नाव इनिगो ठेवले गेले. घर खानदानी होते आणि भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. आई लवकर देवाघरी गेली आणि गावच्या लोहाराच्या बायकोने त्यांना दूध पाजून वाढवले. पुढे राजाच्या खजिनदाराच्या घरी राहून त्यांनी दरबारी रीतभात शिकून घेतली. उंची कपडे, तलवार, मानमरातब आणि लोकांच्या नजरेत भरणे, यांतच त्यांचे तारुण्य गेले.

20 मे 1521 रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने हल्ला केला. तोफेच्या गोळ्याने इनिगोंचा उजवा पाय मोडला आणि डावाही जखमी झाला. त्यांना डोलीतून घरी आणले गेले. नीट न बसलेले हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. ते जुळले, पण गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा पुढे आलेला दिसू लागला. उंची बूट पायात शोभणार नाहीत, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ते हाड कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. लोकांना आपण कसे दिसू, यासाठी हा माणूस केवढे सोसायला तयार होता, हे येथे ध्यानात ठेवावे.

अंथरुणावर पडल्यापडल्या वाचायला त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात तशी पुस्तके नव्हती. ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे तेवढी होती. ती वाचता वाचता त्यांना एक गोष्ट उमगली. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने पाहताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा आणि अनवाणी जेरुसलेमला जाण्याचा विचार केला, की त्यानंतरही मनात समाधान उरे. देव माणसाशी कसा बोलतो, याचा हा त्यांचा पहिला धडा होता.

1522 च्या फेब्रुवारीत ते खेचरावर बसून घराबाहेर पडले. थोरल्या भावाने काही अंतर सोबत केली. आरान्साझू येथील पवित्र मारियेपुढे इनिगोंनी रात्रभर जागरण केले. नावारेते गावी सरदाराकडे राहिलेली आपली थकबाकी वसूल केली, देणी फेडली, बरोबरचे दोन नोकर परत पाठवले आणि ते एकटे पुढे निघाले.

वाटेत एक प्रसंग घडला. त्यांना एक मुसलमान प्रवासी भेटला आणि पवित्र मारियेच्या कौमार्यावरून दोघांचा वाद झाला. प्रवासी पुढे निघून गेल्यावर इनिगोंचा राग उफाळून आला. मारियेच्या सन्मानासाठी त्याला गाठून खंजीर खुपसावा की काय, हे त्यांना ठरवता येईना. तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. जिथे फाटा फुटतो तिथे खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर त्याला गाठायचे, राजमार्गाने गेले तर सोडून द्यायचे. गावाचा रस्ता रुंद आणि चांगला होता, तरी खेचर राजमार्गानेच गेले. एका निरपराध माणसाचा जीव वाचला आणि एक भावी संत खुनी होण्यापासून वाचला. ही गोष्ट इनिगोंनी म्हातारपणी स्वतःच सांगितली, लपवली नाही. मनात भक्ती होती, पण काय योग्य हे ओळखण्याची शक्ती अजून आली नव्हती. निवड खेचराने केली होती.

मार्चमध्ये ते मोन्सेरातच्या डोंगरावर पोहोचले. तेथील मठात त्यांनी तीन दिवस लिहून काढून आपल्या सर्व आयुष्याचे पापनिवेदन केले. 24 मार्चच्या रात्री अंगावरची उंची वस्त्रे एका गरीब माणसाला देऊन स्वतः गोणपाटाचा झगा घातला. तलवार आणि खंजीर मारियेच्या वेदीपाशी ठेवून रात्र जागून काढली.

25 मार्चला, मारियेला देवदूताने संदेश दिला त्या सणाच्या दिवशी, उजाडताच ते डोंगर उतरले. जेरुसलेमला जायचे तर बार्सेलोना बंदर गाठायला हवे होते. सरळ रस्ता तिकडेच जात होता. पण त्या रस्त्यावर ओळखीचे लोक भेटतील, मान देतील, म्हणून त्यांनी तो सोडला आणि ते मान्रेसा नावाच्या गावाकडे वळले. काही दिवस तेथील धर्मशाळेत राहावे, वहीत थोडी टिपणे करावीत आणि पुढे जावे, एवढाच विचार होता. बूट शोभावेत म्हणून हाड कापून घेणारा माणूस दहा महिन्यांच्या आत असा बदलला होता.

मात्र आडवाट धरली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. थोडे अंतर गेल्यावर मागून एक माणूस धावत आला. कपडे खरोखर दान दिले होते का, अशी त्याने चौकशी केली. कारण त्या गरिबावर चोरीचा आळ आला होता. इनिगोंच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या चांगुलपणाचा त्रास दुसऱ्याला होऊ शकतो, हे त्यांनी त्या दिवशी पाहिले.

काही दिवसांचा मुक्काम जवळजवळ अकरा महिन्यांचा झाला. मान्रेसात ते भीक मागून जेवत, रुग्णांची सेवा करत, तासन्‌तास प्रार्थना करत. केस आणि नखे त्यांनी वाढू दिली. मग शांततेत दडलेला अंधार वर आला. आपली पापे नीट सांगितली गेली नाहीत, या शंकेने त्यांना घेरले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही मन शांत होईना. जीव द्यावा, असा विचारही त्यांच्या मनात येऊ लागला. तो विचार त्यांनी देवाला हाक मारून परतवला. आठवडाभर अन्नपाणी सोडले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना जेवायला लावले आणि त्यांनी आज्ञा पाळली. ते आजारी पडले तेव्हा गावातल्या बाया रात्री त्यांच्या उशाशी जागल्या. शांत वाटेवरही माणूस एकट्याने तरत नाही, हे आम्हांला येथे विशेष वाटते.

एके दिवशी कार्दोनेर नदीकाठी पाण्याकडे पाहत बसले असताना त्यांच्या अंतःकरणात मोठा प्रकाश पडला. पुढच्या सर्व आयुष्यात मिळालेले ज्ञान एकत्र केले तरी त्या एका घटकेत मिळाले तेवढे भरणार नाही, असे ते पुढे सांगत. केस आणि नखे कापून ते पुन्हा माणसांत मिसळले. अनेकांच्या जीवनाला वळण देणाऱ्या आध्यात्मिक साधनेच्या त्यांच्या ग्रंथाचा पायाही मान्रेसातच घातला गेला. मनातली कोणती ओढ देवाकडून येते आणि कोणती येत नाही, हे ओळखून निवड कशी करावी, हे तो ग्रंथ शिकवतो. खेचरावर निवड सोपवणारा माणूस आता इतरांना निवड करायला शिकवू लागला.

1523 च्या सप्टेंबरमध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. तेथेच कायम राहायची त्यांची इच्छा होती, पण तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी परवानगी नाकारली आणि ते परतले. तिशी उलटलेल्या या माणसाने मग लहान मुलांबरोबर बसून लॅटिन गिरवले. पुढे भर हिवाळ्यात बार्सेलोनाहून चालत निघून ते फेब्रुवारी 1528 मध्ये पॅरिसला शिकायला पोहोचले. तेथे त्यांना संत फ्रान्सिस झेविअर यांच्यासारखे सोबती मिळाले. 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर या सात जणांनी व्रत घेतले.

1535 साली प्रकृतीसाठी त्यांना मायदेशी जावे लागले. या वेळीही त्यांनी हमरस्ता सोडला आणि निर्जन डोंगरवाट धरली. ती वाट लुटारूंमुळे बदनाम होती. दोन हत्यारबंद माणसे पुढे आली तेव्हा ते घाबरलेच. पण ती माणसे भावानेच त्यांच्या शोधात पाठवलेली निघाली. तरीही वाड्यात न जाता ते गावच्या धर्मशाळेत उतरले, भीक मागून जेवले आणि मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले. ऐकायला कुणी येणार नाही, असे भावाचे मत होते. प्रत्यक्षात गाव लोटले आणि भाऊही येऊन बसला.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत जेनोव्हाहून बोलोन्याला चालत जाताना त्यांची वाट चुकली. खाली नदी आणि वर अरुंद होत जाणारी पायवाट. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी हातापायांवर रांगत ते बाहेर पडले. आयुष्यातले सर्वांत मोठे शारीरिक कष्ट ते हेच, असे त्यांनी नोंदवून ठेवले. बोलोन्यात शिरताना लहानशा पुलावरून ते चिखलात पडले आणि पाहणारे हसले. शांत वाट निवडणाऱ्याने ही आठवणही जवळ ठेवावी.

1537 च्या नोव्हेंबरमध्ये दोघा सोबत्यांसह ते रोमला निघाले. रोमच्या अलीकडे ला स्तोर्ता येथील छोट्या प्रार्थनागृहात त्यांना दर्शन झाले. क्रूस वाहणाऱ्या प्रभू येशूच्या सेवेत पित्याने आपल्याला ठेवले, हे त्यांना कळले. 27 सप्टेंबर 1540 रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. त्यानंतर हा अथक चालणारा माणूस रोममधल्या काही खोल्यांतच राहिला. तेथून त्यांनी हजारो पत्रे लिहिली आणि इतरांना जगभर पाठवले. संत फ्रान्सिस झेविअर 1542 साली गोव्यात उतरले, पुढे वसईलाही येऊन गेले. आपल्या मुलखाशी इग्नेशियस यांचे नाते हे असे आहे. 31 जुलै 1556 रोजी ते प्रभूच्या घरी गेले. 12 मार्च 1622 रोजी त्यांना संतपद जाहीर झाले. शेवटच्या वर्षांत त्यांनी आपली कहाणी एका सोबत्याला सांगितली, तेव्हा ते स्वतःला यात्रेकरू एवढेच म्हणत राहिले.

लोयोला ते मान्रेसा हा त्यांचा मार्ग 2012 पासून यात्रेकरूंसाठी नव्याने सुरू झाला. तो साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास असून त्याचे 27 टप्पे आहेत. वाटेवर नारिंगी बाण रंगवलेले असतात. डोंगर उतरून ती वाट रिओहा प्रांताच्या द्राक्षमळ्यांतून, एब्रो नदीच्या काठाने सारागोसाला आणि तेथून मोनेग्रोसच्या ओसाड माळरानात जाते. उन्हाळ्यात या माळावर सावलीही मिळत नाही. म्हणून शरद ऋतू बरा, तेव्हा मळ्यांत द्राक्षांची तोडणीही चालू असते. आणखी एक गंमत म्हणजे नावारेतेहून लोग्रोन्योपर्यंत हा मार्ग सांतियागोच्या प्रसिद्ध रस्त्यावरूनच, पण उलट दिशेने जातो. समोरून शेकडो यात्रेकरू येत असतात, आपण त्यांना वाट देत पुढे जायचे. त्यानंतर मात्र दिवसभरात दुसरा यात्रेकरू भेटेलच असे नाही. मुक्काम आधी ठरवावे लागतात, पाणी बरोबर न्यावे लागते आणि एकट्याने न गेलेले बरे.

आम्ही हाच मार्ग ठरवला आहे. सांतियागोची वाट कमी पवित्र आहे असे नाही. ज्यांना तेथे बोलावणे आहे त्यांनी आनंदाने जावे. आम्हांला मात्र कुणी न पाहता थोडे दिवस चालायचे आहे आणि शांततेत मनातून जे वर येईल, त्याला सामोरे जायचे आहे. त्यात घाबरवणारेही काही असेल, हे मान्रेसाने सांगून ठेवले आहे. म्हणून एकमेकांची सोबत आणि एका धर्मगुरूंचे मार्गदर्शन घेऊनच निघणार आहोत.

ज्यांना इतके दूर जाता येणार नाही, त्यांच्यासाठी एक विनंती. मोतमाऊलीच्या जत्रेला आपण सर्व जातोच. यंदा जत्रा उठल्यावर, ऑक्टोबरमधल्या एखाद्या साध्या दिवशी, पहाटे जपमाळ हातात घेऊन ती चढण शांतपणे चढून पाहावी. आणि आपल्यातील कुणाला मान्रेसासारख्या अंधाराने घेरले असेल, तर त्याने एकट्याने सोसू नये. घरच्यांशी, डॉक्टरांशी, धर्मगुरूंशी बोलावे. त्या यात्रेकरूलाही माणसांनीच सावरले होते.

संत इग्नेशियस लोयोला, आम्हांसाठी विनंती करा.