फिरत्या चकतीचा हंगेरियन शिल्पकार : ओट्टो ब्लाथी

नवी दिल्ली : देशभर स्मार्ट मीटर बसविण्याचे काम सुरू असताना, मीटरवरील आकडा खरा कशावरून, हा ग्राहकांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. हा प्रश्न वीजविक्रीइतकाच जुना आहे. त्याला पहिली भक्कम उत्तरे देणाऱ्यांत हंगेरीचे अभियंता ओट्टो ब्लाथी यांचे नाव अग्रभागी आहे. भारतीय घरांच्या दारामागे अनेक दशके संथपणे फिरत राहिलेली मीटरची चकती त्यांच्याच परंपरेतील.

ब्लाथी यांचा जन्म ११ ऑगस्ट १८६० रोजी हंगेरीतील टाटा या गावी झाला. (या नावाचा आपल्याकडील उद्योगसमूहाशी संबंध नाही.) व्हिएन्ना येथे १८८२ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. विद्युतशास्त्र मात्र ते विद्यापीठात शिकलेच नव्हते. १८८३ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात रुजू झाल्यावर हा विषय त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केला. अवघ्या दोन वर्षांत, १८८५ मध्ये, कारोय झिपेर्नोव्स्की आणि मिक्शा देरी या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी बंद गाभ्याचा रोहित्र सिद्ध केला. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्दही ब्लाथी यांनीच रूढ केला.

रोहित्रामुळे प्रत्यावर्ती वीज दूरवर नेता येऊ लागली. पण ती मोजून विकायची कशी? एडिसन यांचे रासायनिक मीटर केवळ एकदिश प्रवाहासाठी होते. त्यातील जस्ताच्या पट्ट्या कंपनीत नेऊन तोलल्या जात आणि त्यावरून देयक ठरे. ग्राहकाला त्यातले काहीच वाचता येत नसे. मोजमाप विक्रेत्याच्या हाती आणि विश्वास तेवढा ग्राहकाच्या वाट्याला, अशी ती स्थिती होती. अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांनी १८८८ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचे मीटर बनविले. ते प्रवाह मोजत असे, प्रत्यक्ष खर्ची पडलेली ऊर्जा नव्हे.

ब्लाथी यांचे मीटर गान्झने १८८९ च्या शरद ऋतूत फ्रँकफर्ट येथील प्रदर्शनात मांडले. त्याची रचना विलक्षण साधी होती. एक वेटोळे विजेच्या दाबाचे, दुसरे प्रवाहाचे. दोहोंच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे धातूच्या चकतीत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि ती फिरू लागते. खरी मेख मात्र कायमचुंबकाच्या गतिरोधात आहे. तो नसता तर चकती बेफाम फिरत सुटली असती. त्याच्यामुळे चकतीचा वेग खर्च होणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात राहतो. फेऱ्या मोजल्या की युनिट मिळतात. पुढील काळातील मीटरांत हा चुंबक किंचित सरकवून वेग प्रमाणित मीटरशी जुळवून घेत. सुरुवातीचे नमुने लाकडी बैठकीवर बसविलेले आणि तब्बल २३ किलो वजनाचे होते. १९१४ पर्यंत हे वजन २.६ किलोवर आले.

जी जागा अंशांकनाची, तीच लबाडीचीही ठरली. बाहेरून शक्तिमान चुंबक लावला की चकती मंदावते; जोडणी उलटी केली की ती मागे फिरते. म्हणून शिशाचे सील आले, उलट फिरणे रोखणारी खीळ आली. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरात चकती उरलेली नाही. परके चुंबकीय क्षेत्र ओळखणारे संवेदक, झाकण उघडल्याची नोंद, फेज व न्यूट्रलमधील प्रवाहांची तुलना, हे सारे वेळेसह साठविले जाते. भारतात वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार मीटरमधील फेरफार ही वीजचोरी असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम ५५ अचूक मीटरद्वारेच वीजपुरवठा करण्याचे बंधन कंपन्यांवर घालते, याची आठवण मात्र क्वचितच करून दिली जाते.

ब्लाथी यांची दुसरी ख्याती बुद्धिबळाची. दीर्घ चालींचे डाव रचण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांची एक रचना २९० चालींत मात करण्याची आहे. २६ सप्टेंबर १९३९ रोजी बुडापेस्ट येथे वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या तत्त्वावरील मीटर जगभरच्या घरांत पोहोचले होते.