डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कामगारांचा आरोग्य विमा

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वाढले. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली. शेजारपाजारी गिरणी कामगारांची कुटुंबे होती. कमावता माणूस आजारी पडला की पगार बंद व्हायचा आणि औषधाचा खर्च सुरू व्हायचा.

आजारपणाची झळ त्यांच्या घरालाही बसली. पाच मुलांपैकी चार लहानपणीच दगावली, एकटे यशवंत वाचले. पत्नी रमाबाई १९३५ मध्ये दादरच्या ‘राजगृहा’त वारल्या. पुढे स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले.

ते अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईचे आरोग्य ही साऱ्या समाजाची गरज आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली आणि १९४४ मध्ये अहवाल दिला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ते पद सोडले. पुढे १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तर अंत्यसंस्कार दादर चौपाटीवर झाले.

हीच आजची ईएसआय योजना. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेचे आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून कामगारावर आणि त्याच्या कुटुंबावर उपचार होतात. ठरावीक अटी पूर्ण झाल्यास आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भागही मिळतो. योजनेशी जोडलेल्या खासगी रुग्णालयात पाठवले, तर तिथले दर आधीच ठरलेले असतात. पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाला बिलासाठी घासाघीस करावी लागत नाही.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का, ते आजच पाहा. दिसत असेल तर तुमचा विमा क्रमांक घरातल्या सर्वांना सांगून ठेवा आणि तुमचा दवाखाना कोणता ते माहीत करून घ्या. ही कोणाची मेहेरबानी नाही. तुम्ही वर्गणी भरता, म्हणून उपचार हा तुमचा हक्क आहे.