किचनच्या टेबलावरचा हेडफोन

भारी हेडफोन ओळखायला गाणं लावावंच लागतं असं नाही. स्लायडर सरकवला की हाताला कळतं. बँड कुरकुरत नाही, दोन तास घातला तरी कान दुखत नाहीत. या सगळ्याची सुरुवात ज्याच्यापासून झाली, त्या नॅथॅनिएल बाल्डविनची ही गोष्ट.

बाल्डविनचा जन्म १८७८ साली अमेरिकेतल्या युटामध्ये झाला. तो मॉर्मन पंथाचा. स्टॅनफर्डमध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला. मॉर्मन लोकांच्या भल्यामोठ्या प्रार्थनागृहात प्रवचन नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तो बारीक आवाज मोठा करण्याच्या मागे लागला.

त्या काळच्या रिसीव्हरमध्ये चुंबक लोखंडी पडद्याला कायम एका बाजूला ओढून धरायचा. बाल्डविनने लोखंडाची छोटी पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अशी तोलून बसवली, की सिग्नल नसताना तिच्यावर ओढ जवळजवळ शून्य. सिग्नल आला की पट्टी हलायची आणि बारीक काडीने अभ्रकाचा पडदा हलवायची. यालाच आपण बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतो. कानातल्या यंत्रांत आणि महागड्या इअरफोन्समध्ये हे तत्त्व आजही वापरतात.

१९१० मध्ये त्याने हेडफोन अमेरिकन नेव्हीला पाठवले. टेस्टमध्ये ते सरस ठरले आणि ऑर्डर आली. पण गंमत बघा, कारखाना कुठे होता? घरच्या किचनमध्ये! एका वेळी दहाच नग व्हायचे.

नेव्हीची तक्रार आवाजाची नव्हती, डोक्यावर नीट न बसण्याची होती. रेडिओ ऑपरेटरला तासन्‌तास ते घालून बसायचं असतं ना! मग बाल्डविनने चामड्यात गुंडाळलेल्या दोन स्प्रिंगच्या तारा डोक्यावरून नेल्या आणि कप वर-खाली सरकतील अशी सोय केली. पण ही गोष्ट त्याला इतकी किरकोळ वाटली, की तिचं पेटंटसुद्धा त्याने घेतलं नाही. डोक्यावरून जाणाऱ्या दोन तारांच्या कमानी आजही काही स्टुडिओ हेडफोन्सवर दिसतात.

पुढे युटातच मोठी फॅक्टरी झाली, रेडिओच्या लाटेत पैसाही आला. पण बाल्डविनला हिशेब जमला नाही. बहुपत्नीत्व मानणाऱ्या मंडळींवर त्याने पैसा उधळला. १९२४ मध्ये कंपनी बुडाली. नंतर शेअर विक्रीच्या प्रकरणात टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झाली आणि दोन वर्षं तुरुंगात गेली. १९६१ मध्ये तो गरिबीतच वारला.

आवाजाचं गणित त्याने अचूक सोडवलं. पण जो बँड त्याला क्षुल्लक वाटला, त्यामुळेच ते यंत्र माणसाच्या डोक्यावर टिकलं. आपल्या प्रोजेक्टमध्ये सर्किट चाललं की आपण खूश होतो. डबा, बटण, वायर 'नंतर बघू' म्हणतो. पण वापरणाऱ्याच्या हाताला आधी डबाच लागतो!