जात्यापाशी बसलेली माय

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती जो कागद पडतो, त्याच्या माथ्यावर आज एका बाईचे नाव असते. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव देण्यात आले. गंमत अशी की, हा कागद त्या बाईला स्वतःला वाचता आला नसता. ती शाळेची पायरी कधी चढली नाही, पाटीवर अक्षर कधी गिरवले नाही. तिची सारी विद्या जात्यापाशी, चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि लेकरांच्या उशाशी झाली. कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव आज महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? शाळेच्या पुस्तकातली त्यांची कविता आपण सर्वांनी पाठ केली, परीक्षेत गुण मिळवले आणि पुष्कळांनी ती विसरूनही टाकली. पण त्या कवितेच्या पाठीमागे जी एक आई उभी होती, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तिचीच ओळख येथे करून घ्यावयाची आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालच्या ऑगस्ट महिन्यात खानदेशातील आसोदे या गावी झाला. जळगावपासून दोन कोसांवर असलेले हे शेतकऱ्यांचे गाव. वडील उखाजी महाजन आणि आई भीमाई. घर भावंडांनी भरलेले होते. तीन भाऊ आणि तीन बहिणी अशा गोकुळात ही मुलगी वाढली. त्या काळी मुलीचे बालपण फार दिवस टिकत नसे. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि आसोद्याची लेक जळगावच्या चौधरी वाड्याची सून झाली.

अंतर अवघे दोन कोसांचे. पण सासर आणि माहेर यांच्यामधले दोन कोस किती लांब असतात, हे सासुरवाशिणीलाच ठाऊक! माहेरी जाताना पाय भाजणारी वाटही बहिणाबाईंना मऊ लागे, असे त्यांच्या गाण्यातून कळते. माहेरावरचे त्यांचे जे प्रसिद्ध गाणे आहे, त्यात एक योगी त्यांना विचारतो की, माहेराचे एवढे कौतुक आहे तर मग सासरी आलीस कशाला? यावर त्या जे उत्तर देतात, ते ऐकून कोणताही योगी मुकाट्याने पुढे जावा. मुलीला कधी तरी परत येण्यासाठी एक दार उघडे राहावे, म्हणून आई स्वतः सासरी पाय रोवून राहते, असा त्या उत्तराचा भावार्थ आहे. भीमाई आसोद्याला सून म्हणून राहिली, म्हणून बहिणाबाईंना माहेर मिळाले. बहिणाबाई जळगावला राहतील, म्हणून त्यांच्या काशीला माहेर मिळेल. आईपण म्हणजे एका बाईने दुसरीसाठी धरून ठेवलेली जागा, हा विचार मांडण्यासाठी आपल्याला जाडजूड ग्रंथ लागले असते. त्यांनी तो एका ओवीत सांगून टाकला.

नथूजी आणि बहिणाबाई यांना ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे व काशी ही मुलगी, अशी तीन अपत्ये झाली. शेतकऱ्याच्या घरात आईपणासाठी वेगळा वेळ काढून ठेवलेला नसतो. पहाटे उठून दळण, मग पाणी, शेणगोठा, सडासारवण, भाकऱ्या. भाकरी बांधून शेतात जायचे, तेथे निंदणी, खुरपणी, कापूसवेचणी. दिवस मावळता परत येऊन पुन्हा चूल. या सगळ्याच्या मध्ये कधी लेकराला पाजायचे, कधी रडणे थांबवायचे, कधी तापलेल्या कपाळावर हात ठेवायचा. ओली लाकडे पेटत नाहीत, धूर डोळ्यांत जातो, हाताला चटके बसतात आणि तरी वेळेवर भाकरी झाली पाहिजे, हे सारे बहिणाबाईंच्या गाण्यांत आले आहे. ते त्यांना कुणी सांगितलेले नव्हते, त्यांच्या हातांना ठाऊक होते.

याच कामातून त्यांचे गाणे आले. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. घरोटाच्या पाळीतून पीठ पडावे तसे आपल्या पोटातून गाणे ओठावर येते, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. कवितेसाठी एकांत हवा, निवांतपणा हवा, टेबल-खुर्ची हवी, असे आपण मानतो. बहिणाबाईंना यांपैकी काहीच मिळाले नाही. हात दळणात गुंतलेले असत आणि तोंड मोकळे असे, एवढीच काय ती सवड! खानदेशातील लेवा समाजाच्या बोलीत, ओवीच्या चालीवर त्या गात गेल्या. सरस्वती ही आपली आई आहे आणि तिनेच आपल्याला बोली शिकवली, असे त्या मानीत. ज्या बाईला कुणी अक्षर शिकवले नाही, तिने विद्येच्या देवतेकडेही आईच्याच नात्याने पाहावे, हे किती स्वाभाविक आहे!

त्यांच्या वयाच्या तिसाव्या वर्षी नथूजी वारले. सोपानदेवांचा जन्म १९०७ सालचा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. त्या काळातील विधवेच्या वाट्याला काय येई, हे येथे विस्ताराने सांगायला नको. कपाळ पुसले जाई, हात रिकामे होत, मंगल कार्यात मागे उभे राहावे लागे आणि पैशाअडक्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. त्यातच प्लेगने गाठून ओंकारला कायमचे अपंगत्व आणले. १८९६ साली मुंबईत आलेल्या या रोगाने पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील गावेच्या गावे ओस पाडली; चौधरींच्या घरात तो असा खूण ठेवून गेला. अपंग मुलगा, लहानगा सोपान, मुलगी काशी, शेती आणि एकटी बाई! आईपणाचे गोडवे गाणे सोपे असते. हे ओझे पाठीवर घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जात्यापाशी बसणे अवघड असते.

या दुःखावर त्यांनी जे गाणे केले, ते मराठीतील शोकगीतांमध्ये वेगळे उठून दिसते. डोळ्यांतले पाणी आटले, हुंदके तेवढे राहिले, इथपर्यंत ते सामान्य विलापासारखे जाते. मग ही बाई हळूहळू हिशेब मांडू लागते की, गेले काय आणि उरले काय. कुंकू पुसता येते, पण कपाळावरचे गोंदण कोण पुसणार? बांगड्या फुटल्या, तरी मनगटातले कर्तृत्व फुटत नाही. झाड गेले, तरी सावली मागे राहिली आहे आणि डोळ्यांसमोर दोन लेकरे आहेत. शेवटी सांत्वनाला आलेल्या बायांना त्या सांगतात की, माझी कीव करू नका. लेकरांसाठी जगायचे आहे, हे एकदा ठरल्यावर त्यांनी रडणे आवरते घेतले. हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी दारातून परत पाठवले आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता. सकाळची भाकरी व्हायची होती.

मात्र या धीरामुळे त्यांचा स्वर कडवट झाला नाही, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे आपण लहानपणीच ऐकले. पिलांसाठी त्या चिमुकल्या पाखराने आपला जीव झाडाला टांगून ठेवला आहे, हे त्यांनी पाहिले आणि एवढ्याशा चोचीवर ते सारे काम करते, मग दोन हात आणि दहा बोटे मिळालेल्या माणसाने काय करावे, असा प्रश्न आपल्याला विचारला. पक्षिशास्त्राचे पुस्तक उघडले, तर खोपा विणतो तो नर, असे आढळते. मादी तो पसंत करते आणि मग त्यात अंडी घालते. बहिणाबाईंनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांनी आपल्या भोवतीची घरे पाहिली होती आणि त्या घरांत काडी काडी जमवून लेकरांसाठी घरटे करणारी बाईच त्यांना दिसली होती. शास्त्र चुकले नाही आणि बहिणाबाईही चुकल्या नाहीत! ज्या रात्री माणसे उपाशीपोटी निजतात, तिला रात्र म्हणायला त्या तयार नव्हत्या. जन्मदात्यावर उलटणाऱ्याला त्या लेक म्हणत नसत. शब्दांची अशी पारख त्यांना लेकरांचे पोट राखता राखताच आली असली पाहिजे.

आता सोपानदेवांकडे वळू. आईला अक्षर येत नव्हते. पण मुलगा शाळेत गेला, शिकला आणि स्वतः कवी झाला. घरात आई गाते, ते काही तरी टिपून ठेवण्यासारखे आहे, हे त्याच्या कानाने ओळखले. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली. आईने मुलाला बोलायला शिकवले आणि मुलाने आईचे बोलणे लिहून घेतले. मायलेकरांमधील देण्याघेण्याचा याहून सुंदर व्यवहार दुसरा कोणता असू शकेल?

पण ही गाणी वहीतच राहिली. सोपानदेवांच्या कविता लोकांना माहीत झाल्या. त्यांच्या आईचे गाणे घराबाहेर गेले नाही. ही आपली खेडवळ बोली, हे घरातले बायकी गाणे शहाण्यासुरत्या लोकांना कसे दाखवावे, हा संकोच होता. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा त्यांच्या नावावर एक ओळही छापलेली नव्हती. पुढे सोपानदेवांनी भीत भीतच ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना माणसांची आणि शब्दांची पारख होती. हे अस्सल सोने आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असे त्यांनी बजावले. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि मराठी रसिक थक्क झाला. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटामुळे तर ही गाणी घरोघरी पोहोचली. ज्या आईचे गाणे दाखवायला मुलगा संकोचत होता, त्या आईमुळेच पुढे लोक मुलाला ओळखू लागले. सोपानदेवांना याचा विषाद वाटला नाही. आईची गाणी लोकांपर्यंत नेणे, हे त्यांनी आपले भाग्य मानले.

या साऱ्या कथेत एक गोष्ट मात्र मनाला चटका लावून जाते. मुलगा जवळ असेल, त्याच्या हाती कागद असेल आणि त्याच वेळी आईच्या ओठी गाणे असेल, तेव्हाच ते टिपले जाई. मुलगा शाळेत गेलेला असताना, शेतात एकटीने निंदताना, आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढताना जे सुचले, ते कुठे गेले? ते पिठाबरोबर दळले गेले आणि धुराबरोबर छपरातून निघून गेले. आज आपल्या हाती आहे ती एक लहानशी चोपडी. एका आईच्या उभ्या जन्मातले तेवढेच हाती लागले.

आणि जिच्या मुलाला लिहून ठेवावेसे वाटले नाही, तिचे काय? हे लिहिताना मला माझी आजी आठवते. ती निवडताटिपताना काही तरी गुणगुणत असे. आम्ही अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून तिला गप्प बसायला सांगत असू. ती हसून गप्प बसे. आज त्यातली एक ओळही मला आठवत नाही. मी मराठी साहित्याचा विद्यार्थी आहे, हे सांगायला मला त्या क्षणी लाज वाटते.

बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जळगावच्या चौधरी वाड्यात जपून ठेवल्या आहेत. तेथे जाऊन नमस्कार करावा, हे तर खरेच. पण पदवीच्या कागदावर त्यांचे नाव मिरवणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट करायला हरकत नाही. या सुटीत घरी गेल्यावर चुलीपाशी किंवा गॅसच्या ओट्यापाशी उभी असलेली आई काय म्हणते आहे, ते घटकाभर थांबून ऐकावे. जमल्यास वहीत लिहून घ्यावे. सोपानदेवांनी यापेक्षा वेगळे काय केले होते?