खिळे घासणारा मुलगा

जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे दोन महिने म्हणजे सातपाटीच्या बंदरातले रंगाचे दिवस. बोटी विसावलेल्या असतात, डागडुजी चालू असते आणि सगळे आटोपल्यावर शेवटी नाळेवर नाव घातले जाते. एकवीरा, महालक्ष्मी, श्रीकृष्ण. पूर्वी हे काम पेंटर ब्रशने करीत. आता बऱ्याच बोटींवर संगणकावर जुळवून कापलेली रेडियमची अक्षरे चिकटवली जातात. दुकानदार पडद्यावर फॉन्ट दाखवत जातो आणि बोटवाला बहुधा सर्वांत नटलेला फॉन्ट निवडतो. त्यात गैर काहीच नाही. ज्या बोटीवर घरादाराची मिळकत आणि बँकेचे कर्ज लागलेले आहे, तिचे नाव देखणे असावे असे कुणाला वाटणार नाही?

पण कधी कधी महालक्ष्मीतला ‘क्ष्मी’ फुटतो, मध्ये पाय मोडलेले सुटे अक्षर उभे राहते आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या बाजूला जाऊन बसते. कधी शिरोरेषेला इतकी वळणे दिलेली असतात की ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कळत नाहीत. लग्नपत्रिकेत हे एक वेळ चालून जाते, समुद्रावर चालत नाही. तिथे शेजारच्या बोटीवरच्या माणसाला हलत्या पाण्यावरून, संधिप्रकाशात ते नाव वाचायचे असते. जाळी एकमेकांत गुंतली किंवा एखादी बोट अडचणीत सापडली, तर नाव हीच तिची ओळख.

या भागात मी बँकेत अधिकारी होतो. बोटींच्या कर्जाचे कागद तपासता तपासता नाळेवरची नावे वाचण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. नटवे पण स्वच्छ अक्षर कसे ओळखावे, हा प्रश्न मनात आला की मला एकाच माणसाचे चरित्र आठवते : ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतल्या गरीब घरातला. त्या काळी मराठी छपाईचे वय फार नव्हते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, तेही दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. धातूचे सुबक मराठी खिळे पाडण्याचे मोठे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली झाले. याच छापखान्यात जावजी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास कामाला लागले. पगार महिना दोन रुपये. काम खिळे घासण्याचे.

हे काम काय असते ते आजच्या वाचकाला सांगायला हवे. आधी पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. त्याचा ठसा तांब्यात उमटवायचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेने धातूची धार राहते, अंग खरखरीत असते. तो तसाच जुळवला तर ओळ सरळ बसत नाही, शिरोरेषा जागोजागी तुटलेली दिसते. म्हणून प्रत्येक खिळा घासून अंगाबरोबर करावा लागे. हे काम पोरासोरांकडे असे, कारण त्याला अक्कल लागत नाही असा समज होता. त्या मुलाच्या बोटांतून मात्र अक्षराचा सगळा हिशेब जात होता. कुठला कण अक्षराचा आणि कुठला फाजील, हे ज्याला बोटाने कळते त्याला अक्षर कळले असे समजावे.

पुढे जावजींनी आणखी काही छापखान्यांत नोकरी केली. १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. जोडीला राणोजी रावजी आरू हे कसबी कारागीर मित्र होते. जावजींची पारख आणि राणोजींचा कोरणारा हात अशी ती जोडी जमली. १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला.

इंग्रजीची वर्णमाला सव्वीस अक्षरांची. आपली ओळ मात्र तीन मजली : वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. त्यात जोडाक्षरांची गर्दी. जुळाऱ्यापुढच्या खणांत शेकडो प्रकारचे खिळे लागत. संस्कृत छापायचे तर आणखी. निर्णयसागरने नेमके हे अवघड कामच अंगावर घेतले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांचे मासिक ‘बालबोध’ही याच छापखान्यातून बाहेर पडे. पंडितांचा ग्रंथ आणि मुलांचे मासिक, दोघांनाही पुरून उरणारे ते वळण होते. शुद्ध आणि देखणी छपाई म्हणजे निर्णयसागर, हे समीकरण देशभर रूढ झाले.

त्या वळणाकडे नीट पाहिले तर ते अलंकारहीन मुळीच नाही. बोरूच्या तिरक्या टोकाने येणारा जाड-बारीकपणा त्यात आहे, वेलांटीचा डौल आहे, उकाराला भरदार पोट आहे. पण हा सगळा नटवेपणा अक्षराच्या हाडावर बसलेला आहे, हाड झाकून टाकणारा नाही. उत्तरेकडच्या जुन्या छपाईत ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची रूपे वेगळी असत. आज सर्वत्र दिसतात ती मुंबई वळणाची. त्यांच्या प्रसारात निर्णयसागरच्या ग्रंथांचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

जावजी १८९२ साली गेले, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्यांच्यामागे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला. शिशाच्या खिळ्यांचा तो काळ आता संपला आहे.

खिळे संपले तरी घासण्याचे काम संपलेले नाही, ते आता निवडणाऱ्याकडे आले आहे. तोरण असो, रांगोळीचा साचा असो, भरतकाम असो की बोटीची नाळ. फॉन्ट निवडताना ‘कमल’ किंवा ‘नमन’ लिहून पाहू नये. असल्या सरळ शब्दांत प्रत्येक फॉन्ट शहाणा दिसतो. ‘श्री’, ‘लक्ष्मी’, ‘कृष्ण’, ‘कीर्ती’ लिहून पाहावे. जोडाक्षर एकसंध राहते का, रफार आपल्या जागी बसतो का, शिरोरेषा अखंड आहे का, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत का, हे बघावे. मग तो कागद भिंतीला लावून दहा पावले मागे जावे आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाकडून वाचून घ्यावे. रेडियम कापायचे असेल तर बारीक टोके आणि केसासारख्या रेघा टाळाव्यात. खाऱ्या वाऱ्यात आधी त्याच सुटतात. चांगली अक्षरे आज दुर्मिळ नाहीत. मुंबईतल्या रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला ‘यात्रा’ हा फॉन्ट तर कुणालाही विनामूल्य वापरता येतो. तो ठसठशीत आहे, नखरेलही आहे आणि लांबून वाचताही येतो.

दोन रुपयांच्या नोकरीत एका मुलाने फाजील धातू तेवढा काढायचा आणि अक्षराला धक्का लावायचा नाही, हे शिकून घेतले. नक्षी निवडणाऱ्याला त्याहून वेगळे काही शिकायचे नसते. नाव आपले असते, पण ते वाचणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि कधी कधी तो फार दूर, अंधारात, लाटेवर असतो.