कॅल्क्युलेटरशिवाय मोठा गुणाकार कसा करायचा? ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य कोण होते?

१३५ गुणिले १२. फोनवर दोन सेकंदांचं काम. पण साधारण पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञानं हाच हिशेब आपल्या पुस्तकात घातला आणि तो एका नव्हे, पाच वाटांनी सोडवायला शिकवलं. ते भास्कराचार्य आणि ते पुस्तक ‘लीलावती’.

भास्कराचार्य कुठले?

जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी स्वतः नोंदवलंय. हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे. चाळीसगावजवळचं पाटण, बीड आणि विजापूर ही नावं त्यात येतात.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. ११८३ मध्ये, म्हणजे सत्तरीला टेकल्यावर, पंचांगाच्या गणितासाठी ‘करणकुतूहल’ लिहिलं.

मग लीलावती कोण?

लग्नाचा मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला आणि मुलीच्या सांत्वनासाठी वडिलांनी पुस्तक लिहिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती येते फैजीच्या फारसी भाषांतरातून. अकबराच्या आज्ञेवरून ते १५८७ मध्ये झालं, म्हणजे मूळ पुस्तकानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत ही कथा नाही. पुस्तकात लीलावती नावाच्या मुलीला प्रश्न विचारलेले आहेत, एवढं खरं. १३५ × १२ हा प्रश्नही तिलाच विचारलाय.

एकच गुणाकार, पाच वाटा

त्या काळी फळीवर धूळ पसरून त्यात बोटानं किंवा काडीनं आकडे काढत आणि लागेल तसे पुसत. ‘पाटीगणित’ हा शब्द या फळीवरूनच आला. अशा पाटीवर पहिली पद्धत सोपी जाते. डावीकडून सुरुवात करायची. १ × १२ = १२. मग एक घर सरकून ३ × १२ = ३६, ते मिळवून १५६. पुन्हा एक घर सरकून ५ × १२ = ६०, ते मिळवून १६२०. हातचे लक्षात ठेवण्याचा त्रास कमी, कारण चालू बेरीज कायम समोर असते.

दुसरी वाट खंडांची. १२ म्हणजे ४ + ८. मग १३५ × ४ = ५४० आणि १३५ × ८ = १०८०. बेरीज १६२०.

तिसरीत १२ चे अवयव घ्यायचे, ३ आणि ४. १३५ ची चौपट ५४०, त्याची तिप्पट १६२०. चौथीत १२ मधले १ आणि २ वेगवेगळे गुणून एक घर सरकवून मांडायचे. शाळेत आपण करतो तेच हे. (कॉम्प्युटरचा प्रोसेसरही मुळात असंच सरकवून मिळवतो, फक्त त्याच्याकडे ० आणि १ एवढेच अंक असतात. इंजिनीअरिंगला हे शिकताना लीलावतीचं नाव कुणी काढलं नव्हतं.)

पाचवी मला सगळ्यांत कामाची वाटते. आपल्याला सोयीची, म्हणजे ‘इष्ट’ संख्या गुणकात मिळवायची किंवा वजा करायची. १२ ऐवजी १० घ्या: १३५०, त्यात राहिलेले २ × १३५ = २७० मिळवा. किंवा २० घ्या: २७००, त्यातून जादा ८ × १३५ = १०८० वजा करा. उत्तर तेच.

यातली कोणती वाट घ्यायची हे आकडे बघून ठरवायचं. गुणक ९८ असेल तर इष्ट, २४ असेल तर अवयव. वीसच्या पुढचे पाढे येत नसतील तरी अडत नाही.

खरंच मोठे आकडे असतील तर?

‘बीजगणित’ या भागात एक प्रश्न आहे. अशी पूर्ण संख्या शोधा जिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला की पूर्ण वर्गच मिळेल. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मानं ६१ चाच हा प्रश्न एका समकालीन गणितज्ञापुढे टाकला होता. भास्कराचार्यांनी तो चक्रवाल पद्धतीनं आधीच सोडवलेला होता. त्यांच्या उत्तराच्या शेवटच्या टप्प्यावर ३,८०५ आणि २९,७१८ यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट करावी लागते.

तो वरच्याच वाटांनी करून बघा. ३,८०५ चे खंड ३,८०० आणि ५. आता ३८ म्हणजे ४० वजा २. २९,७१८ ची ४० पट ११,८८,७२०, त्यातून दुप्पट ५९,४३६ वजा, उरले ११,२९,२८४. दोन शून्यं जोडली की ११,२९,२८,४००. त्यात पाचपट, म्हणजे १,४८,५९० मिळवले की ११,३०,७६,९९०. त्याची दुप्पट २२,६१,५३,९८०. हेच त्या प्रश्नाचं सर्वांत लहान उत्तर. पाच ओळींत, एकही अवघड पाढा न लागता.

गणित शिकवण्यासाठी बाजाराचा कर

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, तर नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी. या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण इथं मठ काढला. तिथला शके ११२८ चा शिलालेख १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे आणि तो पैशांचा आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारला मिळणारा कर या मठाला दिला, असं त्यात कोरलंय.