चित्रकार होकुसाई : चित्रं काढून पोट भरतं का?



पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. आई किंवा वडील मुलाची वही पुढे करतात. मागच्या पानांवर घोडे, विमानं, बाईंचा चेहरा, काय काय काढलेलं असतं. मग हळूच विचारतात, की हा सारखा चित्रंच काढत बसतो, पुढे यावर याचं पोट भरेल का? मी बरीच वर्षं या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देत आलो आहे. आपण पटकन एखाद्या मोठ्या चित्रकाराचं नाव घेतो, त्याचं चित्र किती कोटींना गेलं ते सांगतो आणि वेळ मारून नेतो. ते कोटी त्या चित्रकाराच्या हातात पडले का, हे मात्र आपण सांगत नाही.

म्हणून आज जपानचे चित्रकार कात्सुशिका होकुसाई यांच्याविषयी लिहितोय. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्यांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. निळी प्रचंड लाट, तिच्या फेसाची नखांसारखी टोकं, खाली हेलकावणाऱ्या होड्या आणि लांब मागे इवलासा फुजी पर्वत. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, कपावर ती लाट सगळीकडे असते. 2024 पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही ती आली आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्राची एक जुनी प्रत 27 लाख डॉलरच्या वर गेली. आणि होकुसाई जिवंत असताना? एकदोन वाडगे नूडल्स जेवढ्याला मिळत, साधारण तेवढ्यात हे चित्र दुकानात मिळायचं.

जन्म आणि उमेदवारी

होकुसाई यांचा जन्म 1760 मध्ये एदो शहरात झाला. एदो म्हणजे आजचं टोकियो. आरसे घडवणाऱ्या एका कारागिराच्या घरात ते वाढले. सहाव्या वर्षापासून आपल्याला दिसेल ते काढायचा नाद लागला, असं त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. बाराव्या वर्षी ते पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला लागले आणि चौदाव्या वर्षी लाकडी ठसे कोरणाऱ्याकडे उमेदवारीला राहिले. चित्रकलेची शाळा वगैरे काही नव्हतं. अठराव्या वर्षी त्यांना कात्सुकावा शुनशो या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली जागा मिळाली. तिथे नाटकातल्या नटांची चित्रं काढायची, स्वस्त गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं भरायची, असं काम होतं.

इथे जरा थांबून तेव्हाचा धंदा कसा चालायचा ते समजून घेऊ. ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

चित्र छापायचं ठरवायचा तो प्रकाशक. पैसा त्याचा, जोखीमही त्याची. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेषा काढून द्यायचा. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरणारा कारागीर रेषेच्या बाजूचं लाकूड कोरून काढायचा. त्यात मूळ चित्र नाहीसंच व्हायचं. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. शेवटी छापणारा कारागीर एकेक ठसा जुळवत कागदावर रंग उमटवायचा. हे ठसे प्रकाशकाच्या मालकीचे. चित्रकाराला त्याच्या रेखाटनाची एकदाच मजुरी मिळायची. पुढे प्रती शंभर निघोत की आठ हजार, त्याला वरचा एक पैसा नाही. म्हणजे आपल्याकडे पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं एकरकमी मानधन देतात ना, तसंच.

गुरू शुनशो वारले आणि थोड्याच काळात होकुसाई त्या घराण्यातून बाहेर पडले. तेव्हा ते तिशीत होते, घरात बायकामुलं होती. त्या दिवसांत त्यांनी रस्त्यावर फिरून लाल मिरची आणि कॅलेंडरं विकली असं सांगतात. त्यांच्याविषयीच्या अशा बऱ्याच गोष्टी 1893 मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चरित्रातून आल्या आहेत. ते चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी लिहिलेलं. तेव्हा त्या थोडं मीठमसाला धरूनच वाचाव्यात.

मिळेल ते काम

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी काय केलं नाही ते विचारा. कवींची मंडळं नववर्षाच्या शुभेच्छांसाठी खास कार्डं छापून घ्यायची. उंची कागद, सुरेख छपाई. विकायला नसायचीच ती, आपसात वाटायची. अशा कामाला पैसे बरे मिळत, म्हणून होकुसाईंनी ती भरपूर केली. मग जाडजूड कादंबऱ्यांचं युग आलं. बाकिन हे त्या काळचे लोकप्रिय कादंबरीकार. त्यांच्या वीरकथांना होकुसाईंची चित्रं असायची आणि वाचक चित्रांसाठीही पुस्तक उचलायचे. लेखक कुठे काय हवं त्याचं कच्चं रेखाटन पाठवायचा, पण होकुसाई आपल्याला हवं तसं बदलायचे. दोघंही हट्टी. शेवटी बिनसलं.

जाहिरातही त्यांना चांगली कळायची. 1804 मध्ये एदोतल्या एका देवळाच्या आवारात त्यांनी लोकांसमोर बोधिधर्माचं अवाढव्य चित्र काढलं. झाडूएवढा ब्रश आणि शाईची पिंपं. जमिनीवर उभं राहून ते काय आहे हे कळेना, लोक छपरांवर चढले. 1817 मध्ये नागोया शहरात तोच प्रयोग पुन्हा केला. कागद सुमारे 18 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद. यामागे हिशोब होता. तिथल्या प्रकाशकाने त्यांची मांगा नावाची पुस्तकमाला काढली होती, ती खपायला हवी होती.

ही पुस्तकमाला आपल्या कामाची आहे, कारण ती शिकणाऱ्यांसाठी होती. होकुसाईंकडे शिष्य खूप झाले. प्रत्येकाला समोर बसवून शिकवणं शक्य नव्हतं आणि त्यातून मिळणारी रक्कमही बेताचीच. मग त्यांनी चित्रकला शिकवणारी पुस्तकंच काढायला सुरुवात केली. 1812 च्या एका पुस्तकात वर्तुळं आणि चौकोन यांवरून माणसं, प्राणी, पक्षी कसे उभे करायचे ते दाखवलं आहे. आपण पहिलीच्या मुलांना गोलावरून मांजर शिकवतो, अगदी तेच. 1814 पासून मांगाचे भाग निघू लागले. पोहणारी माणसं, जाडे पैलवान, तोंडं वेडावणारे लोक, बेडूक, पूल, अवजारं, भुतं, असं हजारो रेखाचित्रांचं ते भांडार आहे. एकूण 15 भाग, शेवटचा तर त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, 1878 मध्ये निघाला. आमच्या वर्गात मी त्यातली पोहणाऱ्यांची पानं छापून लावली होती. ज्या मुलांना हात काढताच येत नाही म्हणून रडू यायचं, त्यांनी ती पानं झिजवली.

पैसा येत होता, मग राहत का नव्हता?

होकुसाई गरीब का राहिले याचं एकच उत्तर नाही. एक म्हणजे मजुरीची पद्धत, ती वर सांगितली. दुसरं, त्यांना पैशाचं व्यवधान मुळीच नव्हतं. प्रकाशकाकडून पैशाची पुडी आली की ते ती उघडतही नसत, अशी गोष्ट आहे. तांदळाची, कोळशाची उधारी मागायला दुकानदार आला की न मोजता एक पुडी त्याच्यापुढे टाकायची. जास्त निघाले तर दुकानदाराचं नशीब, कमी निघाले तर तो परत यायचाच. घर घाण झालं की झाडायच्या ऐवजी घरच बदलायचं. आयुष्यात त्यांनी 93 घरं बदलली म्हणतात. आणि नावं तीसहून जास्त! जुनं नाव शिष्याला द्यायचं, कधी कधी त्याचे पैसेही घ्यायचे, आणि आपण नव्या नावाने सुरुवात करायची. आता बघा, ज्या नावाला गिऱ्हाईक ओळखतं ते नाव सोडून देणं धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच.

एक गोष्ट अशी सांगतात. नागासाकीला व्यापार करणाऱ्या डच कंपनीच्या प्रमुखाने त्यांच्याकडून जपानी जीवनावरच्या चित्रांच्या गुंडाळ्या करून घेतल्या आणि ठरलेली रक्कम दिली. तशाच गुंडाळ्या त्याच्याबरोबरच्या डॉक्टरनेही मागितल्या होत्या, पण तयार झाल्यावर त्याने निम्मी किंमत देऊ केली. होकुसाईंनी चित्रं उचलली आणि घरी आणली. घरात खायचे वांधे होते. बायको म्हणाली, निम्मे तर निम्मे, घ्यायचे होते. यावर त्यांचं म्हणणं, परदेशी माणसासमोर एकाच मालाच्या दोन किमती केल्या तर आपल्या लोकांची लाज जाईल. ही गोष्ट ऐकून मुलं टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी त्यांच्या बायकोची बाजू आधी पटते. पोरांच्या ताटात काय वाढायचं हा विचार तिला करायचा होता.

साठी उलटल्यावर संकटं एकामागून एक आली. पक्षाघातासारखा आजार झाला, त्यातून ते उठले. 1828 मध्ये दुसरी पत्नी वारली. मुलीचा मुलगा, म्हणजे नातू, जुगारी निघाला. त्याची देणी आजोबांच्या अंगावर आली.

याच पडत्या काळात ती लाट आली. 1830 च्या आसपास निशिमुराया योहाची या प्रकाशकाने त्यांना फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची मालिका करायला दिली. प्रशियन ब्ल्यू हा युरोपात तयार झालेला निळा रंग तेव्हा आयातीत स्वस्त झाला होता. जुने वनस्पतीचे निळे रंग लवकर उडायचे, हा टिकायचा आणि गडद दिसायचा. प्रकाशकाने नव्या निळ्याची जाहिरात केली, लोकांनी चित्रं उचलली. मालिका इतकी खपली की छत्तीसवर आणखी दहा चित्रं काढली, पण नाव छत्तीसच राहिलं. लाटेच्या प्रती काही हजार तरी निघाल्या असाव्यात. चित्रकार तेव्हा सत्तर वर्षांचा होता आणि त्याला दर रेखाटनाची ठरलेली मजुरी मिळाली.

त्यानंतरही हात सैल सोडायची सोय नव्हती. 1830 च्या दशकात मोठा दुष्काळ पडला, तांदूळ महागला. पोटाला नाही तिथे चित्रं कोण घेणार? प्रकाशकांनी कामं थांबवली. होकुसाईंनी हाताने रंगवलेल्या चित्रांच्या वह्या करून विकल्या आणि निभावून नेलं. 1839 मध्ये घराला आग लागली, वर्षानुवर्षं जमवलेली रेखाटनं जळाली. तरी कामाबाबतचा काटेकोरपणा गेला नाही. एका पत्रात त्यांनी प्रकाशकाला नाक आणि डोळे काढून दाखवलेत, असे कोरायचे, असे नाही कोरायचे. कोरणारा अमुकच हवा हाही आग्रह.

ऐंशी ओलांडल्यावर ओबुसे गावच्या ताकाई कोझान या श्रीमंत व्यापाऱ्याने त्यांना बोलावून घेतलं. एदोहून ते गाव दोनशे किलोमीटरहून जास्त लांब, वाट डोंगराची. म्हातारा गेला. तिथे उत्सवाच्या रथांची छतं त्यांनी रंगवली, लाटा, ड्रॅगन आणि फिनिक्स. त्याच सुमारास ते रोज सकाळी अपशकुन टाळण्यासाठी एक सिंह काढत आणि कागद फेकून देत. ते कागद गोळा करून ठेवायची त्यांची मुलगी ओई.

तिच्याविषयी सांगितल्याशिवाय होकुसाईंच्या कमाईचा हिशोब पुरा होत नाही. ओई स्वतः चित्रकार होती. लग्न एका चित्रकाराशीच झालं होतं, ते मोडलं, ती वडिलांकडे परत आली आणि शेवटपर्यंत राहिली. एका शिष्याने आठवणीतून काढलेल्या चित्रात म्हातारे होकुसाई अंगावर रजई घेऊन जमिनीवर वाकून चित्र काढताहेत, ओई शेजारी बसून बघतेय. स्वयंपाक दोघांनाही नको असायचा. बाहेरून आणलेलं खायचं आणि वेष्टणं तिथेच टाकायची. स्त्रियांची चित्रं ती माझ्यापेक्षा चांगली काढते, असं वडीलच म्हणायचे. शेवटच्या वर्षांत वडिलांच्या सहीच्या चित्रांत तिचा हात किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. सही वडिलांची असली की पैसे जास्त मिळायचे, हे उघड आहे.

होकुसाई 1849 मध्ये गेले. जपानी मोजणीने वय नव्वद. तोवर ते काम करतच होते.

ओईच्या स्वतःच्या नावावर आज जेमतेम दहाएक कामं आहेत. 1847 मध्ये स्त्रियांसाठी निघालेल्या एका पुस्तकात तिची चित्रं आहेत. आणि एक रंगचित्र आहे रात्रीचं, कंदिलांच्या उजेडातलं. जाळीमागे नटून बसलेल्या स्त्रिया, बाहेर अंधारात उभी माणसं. त्या चित्रावर नेहमीच्या जागी सही नाही. बाहेर हातात धरलेले तीन कंदील आहेत, त्यांवर बारीक अक्षरात तिने आपल्या नावाची अक्षरं लिहिली आहेत.